चाकातल्या हवेचा हिशेब

आमच्या घरात मोटार आली ती फार उशिरा, आणि आली तीही वापरलेली. आधीच्या मालकानं तिला नऊ वर्षं जपलं होतं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिच्या स्टिअरिंगमागच्या फलकावर एक पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालासारखा आकार, आणि त्याच्या पोटात एक उद्गारचिन्ह. कवितेत उद्गारचिन्ह दिसलं की मी ते खोडून टाकतो, पण हे काही खोडता येईना. गाडी सुरू केली की मिनिटभर ते लुकलुकायचं आणि मग ठाण मांडून बसायचं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. काउंटरवरच्या पोरानं गाडीला यंत्र जोडलं, पडद्यावर पाहिलं आणि म्हणाला, "काका, टायर प्रेशरचे सेन्सर गेलेत. चारही बदलून घ्या." म्हटलं, गेलेत म्हणजे काय झालं? तर आतला सेल संपलाय. मग सेल बदल ना बाबा, घड्याळाचा बदलतात तसा. तो हसला. सेल सेन्सरच्या आत रसायनात ओतून कायमचा बंद केलेला असतो, तो निघत नाही, म्हणजे अख्खा सेन्सरच नवा घ्यायचा. एकाचे पाच हजार सहाशे. कर धरून चारांचे साडेसव्वीस हजारांच्या आसपास, चाकं उतरवण्या-चढवण्याची मजुरी वेगळी.

टायर शाबूत होते, हवा शाबूत होती. हवा आहे की नाही हे सांगणाऱ्या चार चिमुकल्या डब्यांचे हे पैसे होते. मी "विचार करून सांगतो" म्हणालो आणि बाहेर पडलो. इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या माणसाला एक खोड असते. पैसे द्यायची वेळ आली की तो आधी ही भानगड सुरू कुठून झाली ते शोधायला लागतो. मीही तेच केलं.

पण त्याआधी माझ्या खालूंविषयी सांगायला हवं. खालू म्हणजे मावशीचे यजमान. पुणे-सोलापूर रस्त्यावर मोहोळच्या अलीकडे त्यांचं पंक्चरचं दुकान होतं. पत्र्याची शेड, एक कंप्रेसर, पाण्याची काळी टाकी आणि शेडच्या कडेला गोटा झालेल्या टायरांची उतरंड. शाळेच्या सुट्टीत मी तिथंच असायचो. ट्रक येऊन थांबला की खालू आधी गेज काढत नसत. टॉमी घेऊन एकेका चाकावर ठोका मारत जात. भरलेला टायर टणत्कार करतो, कमी हवेचा टायर भद्द वाजतो. मागच्या जोडचाकांत आतलं चाक बसलेलं असलं तर डोळ्यांना दिसत नाही, बाहेरचं त्याचा भार उचलून धरतं. खालू एक ठोका मारून सांगायचे, "भितर का बैठेला है." मग गेज लावायचं ते ड्रायव्हरची खात्री पटावी म्हणून.

(हल्ली 'पंक्चरवाला' हा शब्द आमच्या लोकांना चिडवण्यासाठी वापरतात. मी त्यावर चिडत नाही. रात्री अकरा वाजता टेंभुर्णीच्या पुढं गाडी बसली की तुम्ही कुणाला शोधता, एवढंच विचारतो.)

आता अमेरिकेकडे जाऊ, कारण माझ्या गाडीतला दिवा तिथल्या कायद्याच्या पोटी जन्मला. चाकातली हवा मोजून चालकाला सांगायची कल्पना त्याआधीची आहे. १९८६च्या पोर्श ९५९ या गाडीत ती प्रत्यक्षात आली होती. पण ती श्रीमंतांची हौस. सर्वसामान्य गाडीत हा दिवा शिरला त्यामागं मोठा अपघातकांड आहे.

फोर्ड कंपनीची एक्स्प्लोरर नावाची उंच, दणकट गाडी १९९०च्या दशकात तिथं तुफान खपत होती. तिला टायर असायचे फायरस्टोनचे. हे दोन घराण्यांचं जुनं नातं. हेन्री फोर्ड आणि हार्वी फायरस्टोन जिवलग मित्र, एडिसनला सोबत घेऊन रानात तंबू ठोकून राहणारे. पुढं फायरस्टोनची नात फोर्डच्या नातवाला दिली. आपल्या मुंबईतही फायरस्टोन परकी नव्हती, शिवडीला तिचा कारखाना होता. १९८८ मध्ये जपानच्या ब्रिजस्टोननं ही अमेरिकन कंपनी विकत घेतली, पण नाव तसंच ठेवलं.

तर या एक्स्प्लोररचे टायर धावता धावता सोलायला लागले. रस्त्याला टेकणारा जो नक्षीचा जाड थर असतो, तो आतल्या पोलादी पट्ट्यापासून सुटून निघायचा आणि गाडी कलंडायची. टेक्सास, फ्लोरिडा, अॅरिझोना अशा तापणाऱ्या राज्यांत हे जास्त घडलं. फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टनच्या एका दूरचित्रवाणी केंद्रानं ते चव्हाट्यावर आणलं. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोननं टायर परत घेण्याची घोषणा केली, रस्त्यावर असलेले अंदाजे ६५ लाख. सरकारी मोजणीत या टायरांशी जोडलेले मृत्यू पुढं २७१ वर गेले.

दोष कुणाचा, यावर दोन्ही कंपन्या एकमेकींच्या उरावर बसल्या. फोर्ड म्हणे, टायर वाईट. फायरस्टोन म्हणे, गाडीच कलंडणारी. आणि या भांडणाच्या मधोमध एक आकडा होता: २६. फोर्डनं एक्स्प्लोररमध्ये २६ पौंड हवा ठेवा असं सांगितलं होतं. फायरस्टोनचं नंतरचं म्हणणं, ३० ठेवायला हवी. चार पौंडांचा फरक! खालूंच्या दुकानात चार पौंड म्हणजे कंप्रेसरचा एक सुस्कारा. पण हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त दबली की तापते, आणि वर माणसं-सामान ठासलेलं, खाली डांबर भाजलेलं, वेग ताशी शंभराच्या पुढं असला तर रबर आणि पोलाद यांची ताटातूट व्हायला वेळ लागत नाही. २६ पासून सुरुवात केली तर खाली घसरायला जागाच कमी उरते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात आणखी एक धागा फार मोलाचा वाटतो. इलिनॉय राज्यात डिकेटर इथं फायरस्टोनचा कारखाना होता. १९९४ मध्ये तिथं मोठा संप झाला, कंपनीनं बदली कामगार आणले. अॅलन क्रूगर आणि अलेक्झांडर मास या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवून दिलं की, सदोष टायरांचं प्रमाण त्या झगड्याच्या काळात तिथं बनलेल्या मालात उठून दिसतं: कामगारांवर पडत्या अटी लादल्या जात होत्या तेव्हा, आणि परतलेले संपकरी बदली कामगारांच्या खांद्याला खांदा लावून काम करत होते तेव्हा. मुंबईचा गिरणी संप पाहिलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको. मे २००१ मध्ये फायरस्टोननं फोर्डशी जवळजवळ शंभर वर्षांचा व्यवहार तोडला, फोर्डनं आणखी १ कोटी ३० लाख टायर बदलण्याचं जाहीर केलं, आणि त्या वर्षअखेर डिकेटरचा कारखाना बंद पडला.

यातून कायदा झाला. १ नोव्हेंबर २००० रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की 'ट्रेड' होतं, म्हणजे टायरची नक्षी. त्यात एक कलम असं की, टायरमधली हवा कमी झाली तर चालकाला सांगणारी व्यवस्था प्रत्येक नव्या गाडीत असलीच पाहिजे. माझ्या पिवळ्या दिव्याची जन्मपत्रिका ती.

पण ही व्यवस्था करायची कशी? दोन वाटा होत्या. एक स्वस्त: चाकात काहीच बसवायचं नाही. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून इतरांपेक्षा जरा जास्त फिरतं. ब्रेकसाठी आधीच बसवलेल्या यंत्रणेनं तो फरक ओळखायचा. दुसरी महाग: प्रत्येक चाकाच्या आत सेन्सर बसवायचा, त्यानं दाब मोजून बिनतारी संदेश पाठवायचा. स्वस्त वाटेत एक मोठी खोट होती. चारही चाकांतली हवा सारखीच उतरली तर फरक पडतच नाही, मग दिवा लागणार कसा? आणि आपल्या गाड्यांचं तर हेच होतं. महिनोन्महिने कुणी बघत नाही, चारही चाकं गुपचूप, समान, एकजुटीनं बसत जातात.

रस्ता सुरक्षेच्या सरकारी खात्याचा कल महाग वाटेकडे होता. फेब्रुवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या अर्थसंकल्प कार्यालयानं तो मसुदा परत पाठवला: खर्च फार, स्वस्त वाटेचाही विचार करा. मग जूनमध्ये नियम आला तो दोन्ही वाटा मोकळ्या ठेवणारा. 'पब्लिक सिटिझन' ही ग्राहकांची संस्था कोर्टात गेली. ऑगस्ट २००३ मध्ये अपील न्यायालयानं स्वस्त पर्याय रद्द केला. कारण सरकारच्याच कागदांत लिहिलं होतं की, त्या पर्यायानं हवा कमी असण्याच्या सुमारे निम्म्या प्रसंगी इशारा मिळणार नाही. निम्म्या वेळा गप्प बसणारा राखणदार ठेवायचा कशाला, असा साधा सवाल होता.

नवा नियम एप्रिल २००५ मध्ये आला. सांगितलेल्या दाबापेक्षा हवा २५ टक्क्यांनी कमी झाली की दिवा लागला पाहिजे, मग एक चाक असो की चारही. १ सप्टेंबर २००७ पासून बनणाऱ्या प्रत्येक हलक्या वाहनाला तो लागू झाला. नियमाबरोबर हिशेबही होता. दर गाडीमागं खर्च अंदाजे ४८ ते ७० डॉलर, आणि त्या बदल्यात वर्षाला सुमारे १२० जीव वाचतील. माणसाच्या जिवाचा असा ताळेबंद वाचताना मला प्रथम अंगावर काटा आला. मग वाटलं, निदान तिथं कुणी तो मांडला तरी. आपल्याकडे जीव जातो तो कुठल्याच वहीत न मांडता जातो.

याच हिशेबात माझ्या साडेसव्वीस हजारांचं मूळ आहे. सेन्सरच्या सेलचं आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं. चाक हलायला लागलं की तो जागा होतो, दाब सांगतो, आपला स्वतःचा क्रमांक सांगतो, गाडी थांबली की झोपतो. अशी काटकसर करूनही एक दिवस संपतोच. नियमानं कारखान्याला सेन्सर बसवायला लावलं, तो बिघडला तर दिव्यानं मिनिट-दीड मिनिट लुकलुकून तसं सांगावं हेही ठरवून दिलं. पण मेलेला सेन्सर बदलायचा की नाही, हे मालकावर सोडलं. २००७च्या गाड्या दहा वर्षांच्या झाल्या तेव्हा अमेरिकेत त्या कुणाकडे होत्या? दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे. विद्यार्थ्याकडे, दोन ठिकाणी राबणाऱ्या बाईकडे. आणि तिथं एका सेन्सरची किंमतच ५० ते १०० डॉलर, वर बसवणी. म्हणजे सरकारनं अख्ख्या व्यवस्थेला जेवढा खर्च धरला होता, तेवढा एका चाकावर. नवी गाडी घेणाऱ्याला सुरक्षितता किमतीत मिसळून मिळाली, ती जाणवलीही नाही. तिचं दुसरं बिल आलं ते ज्याला नवी गाडी परवडत नव्हती त्याच्या हातात. तिथल्या कायद्यानं टायरवाल्याला चालू यंत्रणा जाणूनबुजून बंद करायला मनाई आहे. पण सेन्सर आधीच मेलेला असेल तर तो न बदलता टायर चढवता येतो. मग लोक काय करतात? दिव्यावर चिकटपट्टी लावतात.

मीही लावली होती. लपवत नाही.

या दिव्याचा उपयोग नाही असं मात्र कुणी समजू नये. त्याच सरकारी खात्यानं २०१२ मध्ये पडताळणी केली. यंत्रणा असलेल्या गाड्यांत एखादा टायर फारच कमी हवेवर चालण्याची शक्यता निम्म्याहून अधिक घटलेली आढळली. २०१० मध्ये काही संशोधकांनी हेही दाखवलं की, सेन्सरचा संदेश चाळीस मीटरवरून ऐकता येतो आणि खोटा संदेश घुसवून चालकाला फसवताही येतं. ती चिंता मी मोठ्या लोकांवर सोपवतो. माझी गाडी कुठं जाते हे गल्लीतल्या सगळ्यांना तसंही माहीत असतं.

युरोपनं २०१४च्या नोव्हेंबरपासून सगळ्या नव्या मोटारींना ही व्यवस्था सक्तीची केली. आपल्याकडे ती वेगळ्याच दारानं आली. २०२०च्या नियमदुरुस्तीनं सांगितलं की, ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा संच आणि हवेचा इशारा देणारी यंत्रणा असेल तर मोटारीत स्टेपनी नसली तरी चालेल. म्हणजे ज्या सेन्सरचा सेल एक दिवस संपणार, त्याच्या भरवशावर पाचवं चाक काढायची मुभा. इकडे रस्ते मात्र बदलले. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० ची परवानगी. उन्हाळ्यात तिथलं काँक्रीट तव्यासारखं तापतं. २०२३ मध्ये तिथं आरटीओच्या माणसांनी गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या माघारी धाडल्या, तेव्हा मला खालूंची टॉमी आठवली.

आणि खरं सांगायचं तर टॉमीबरोबर १९८५चा चैत्र आठवला. पंढरपूरला चैत्री वारीला निघालेली एक जीप दुकानाशी थांबली, पाणी प्यायला. दुपारचे बारा. आत-बाहेर-टपावर मिळून अठरा-वीस माणसं. खालू सवयीनं चाकांकडे गेले, ठोका मारला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मागचं डावं बसलंय, दोन मिनिटं थांब, भरून देतो." ड्रायव्हर आमच्याच गावचा, ओळखीचा. हवेचे चार आणे पडायचे तेव्हा. पण त्याला चार आण्यांची नव्हे, खेपेची घाई होती. म्हणाला, "येताना बघू." गाडी गेली. मी तिथंच होतो, हातात पाण्याची बादली होती. तासाभरानं निरोप आला. टायर फुटून जीप उलटली होती. दोघं गेले, त्यातला एक तो ड्रायव्हर.

पोलीस चौकशीला आले. खालूंनी जे घडलं ते सांगितलं: मी म्हणालो होतो, तो थांबला नाही. कागदावर तेच लिहिलं गेलं. त्यानंतर त्या ड्रायव्हरच्या घरच्यांनी खालूंशी बोलणं टाकलं, ते कायमचं. म्हाताऱ्या बापाचं म्हणणं एकच होतं, "तुला कळलं होतं तर तू त्याची किल्ली का नाही काढून घेतलीस?" खालूंकडे याला उत्तर नव्हतं. लग्नकार्यात समोरासमोर आले तर खालूच नजर खाली घालत, जणू गुन्हा त्यांचा. त्यांनी ठोका मारणं सोडलं नाही, पण पुढं आयुष्यभर, हवा कमी आहे असं सांगितल्यावर ड्रायव्हर निघायला लागला, तर ते सरळ चाकापुढं जाऊन उभे राहत. शिव्या खात. दोनदा मारही खाल्ला.

दिव्यावर पट्टी लावल्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मुलगी म्हणाली, "अब्बा, शनिवारी गाडी मी नेते पुण्याला." मी "ने" म्हणालो. मग रात्री खाली उतरलो, पट्टी काढली, आणि सकाळी गाडी घेऊन मोहोळच्या रस्त्याला लागलो.

खालू जाऊन बरीच वर्षं झाली. दुकान आता त्यांचा मुलगा चालवतो. पत्र्याच्या जागी पक्कं बांधकाम आहे, टायर उतरवायचं, बॅलन्सिंगचं यंत्र आहे. त्यानं मोबाइलएवढं एक यंत्र काढलं, एकेका चाकाच्या वॉल्व्हजवळ धरलं. "भाईजान, चार नाही गेले. दोनच गेलेत. दोन बोलायलेत अजून." मग त्यानं दुकानातले, कुठल्याही गाडीला क्रमांक भरून वापरता येणारे सेन्सर दाखवले. कंपनीच्या निम्म्याहून कमी किमतीचे. चालतात का? म्हणाला, "मी गॅरंटी देतो, कंपनी देईल का विचारा." वॉल्व्हच्या टोपीच्या जागी फिरवून बसवायचे बाहेरचे सेन्सरही होते, दोन-तीन हजारांत चारांचा संच. ते त्यानं स्वतःच नको म्हटलं. चोरीला जातात, आणि साधं रबरी वॉल्व्ह असेल तर त्याच्यावर वजन येतं.

चाक उतरवल्यावर मी तो मेलेला सेन्सर हातात घेतला. काडेपेटीहून लहान, काळा, वॉल्व्हच्या देठाला चिकटलेला. ज्या वॉल्व्हला तो चिकटलाय तो न्यूयॉर्कच्या श्रेडर मंडळींचा, १८९०च्या दशकातला. आणि त्याच श्रेडर नावाची कंपनी पुढं हे सेन्सर बनवणारी मोठी कंपनी झाली, उत्तर आयर्लंडमध्ये, जिथं बेलफास्टला १८८८ मध्ये डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या पोराच्या तीनचाकीला हवेचे टायर करून दिले होते. हे मी भावाला मोठ्या उत्साहानं सांगितलं. तो बॅलन्सिंगचं शिसं ठोकत होता. "असंल," म्हणाला.

सेन्सर बसवले, क्रमांक गाडीला ओळखायला लावले, दिवा विझला. मग त्यानं कोपऱ्यातली टॉमी उचलली आणि चारही चाकांवर ठोका मारत गाडीला एक फेरी घातली. मी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. मागच्या डाव्या चाकाशी थांबून त्यानं गेज लावलं, दोन पौंड हवा भरली.

दोन सेन्सर, उतरवणं-चढवणं, बॅलन्सिंग धरून सहा हजार तीनशे झाले. मी पैसे मोजून दिले. त्यानं ते परत मोजले आणि म्हणाला, "आणि हवेचे वीस."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)